दुरुस्ती यंत्राची, तब्येत कुणाची?

दवाखान्याच्या केसपेपरवर नाव, वय, गाव आणि व्यवसाय असे रकाने असतात. आमच्या कोल्हार भागात व्यवसायाच्या रकान्यात बहुतेक वेळा शेती, मजुरी, नोकरी किंवा गृहिणी यांपैकी काहीतरी लिहिलं जातं. यात न बसणारे सगळे ‘इतर’मध्ये जातात. रेडिओ, टेप, अ‍ॅम्प्लिफायर, मोटार दुरुस्त करणारा माणूसही तिथेच जाऊन पडतो. आता ‘इतर’ या शब्दावरून डॉक्टरला काय कळणार? त्यामुळे त्या माणसाची पोटदुखी, त्याचा रात्रीचा खोकला किंवा त्याचं कमी असलेलं हिमोग्लोबिन यांचं नातं त्याच्या कामाशी कुणी जोडतच नाही.

बर्नार्डिनो रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. रुग्णाला जे प्रश्न विचारायची पद्धत होती, त्यांत त्याने आणखी एक घातला: तुझं काम काय? आज तीनशे वर्षांनंतर आपण हा प्रश्न विचारतो खरा, पण उत्तर नीट ऐकून घेत नाही.

या लेखात मी एका छोट्या गटाबद्दल लिहिणार आहे: जुनी करमणुकीची यंत्रं दुरुस्त करून पुन्हा चालू करणारी माणसं. कुणी पोटासाठी करतं, कुणी निवृत्तीनंतर छंद म्हणून. माझं मत आधीच सांगून टाकतो. हे काम जपण्यासारखं आहे आणि ते बंद करा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण दुरुस्तीचं दुकान हेसुद्धा कामाचं ठिकाण आहे आणि तिथे होणारे आजार हे कामाचे आजार आहेत, हे आपण मान्य केलेलं नाही. डॉक्टरांनी नाही, सरकारने नाही आणि खुद्द मेकॅनिकनेही नाही.

यात्रेतला पडदा, घरातला रेडिओ आणि पिनबॉल

प्रवरेकाठच्या आमच्या गावात भगवतीमातेची यात्रा भरते. महाराष्ट्रात यात्रा म्हटलं की पाळणे, तमाशाचा फड आणि तंबूतला सिनेमा हे समीकरण कित्येक पिढ्यांनी पाहिलं आहे. या फिरत्या टुरिंग टॉकीज ट्रकमधून गावोगाव जात. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने ओढणारा प्रोजेक्टर हे त्यांचं काळीज. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला, तो महाराष्ट्रातल्या याच टुरिंग टॉकीजवर आहे. त्यात तंबूचे मालक आहेत, प्रेक्षक आहेत, आणि आयुष्य प्रोजेक्टर दुरुस्त करण्यात घालवलेले एक कारागीरही आहेत. मला त्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं माणूस हेच वाटतं. सुटा भाग बाजारात मिळत नसेल तेव्हा तो घासून, कापून, जुळवून नवा करणारा माणूस नसता, तर तंबूतला पडदा कधीच काळा पडला असता.

घराघरांतल्या व्हॉल्व्हच्या रेडिओचीही हीच गोष्ट. आणि अमेरिकेत ज्यांचं मोठं वेड आहे त्या पिनबॉल यंत्रांचीही. पिनबॉल आपल्याकडे फारसं रुजलं नाही, पण त्याचं मूळ आपल्या ओळखीचं आहे. उतरत्या फळीवर ठोकलेले खिळे, स्प्रिंगची दांडी आणि छोट्या गोळ्या असलेलं ‘बॅगाटेल’ अनेक मराठी घरांत उन्हाळ्याच्या सुट्टीत माळ्यावरून खाली येत असे. माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ साली अमेरिकेत बॅगाटेलच्या सुधारणांचं पेटंट घेतलं, त्यात ही स्प्रिंगची दांडी होती. पुढे त्यात वीज आली. गोळी परतवणारे हलते पंखे १९४७ साली आले. न्यूयॉर्क शहराने तर पिनबॉलला जुगार समजून १९४२ पासून १९७६ पर्यंत बंदी घातली होती. आज तीच जुनी यंत्रं लोक हौसेने विकत घेतात, उघडतात, साफ करतात आणि पुन्हा खेळती करतात.

प्रोजेक्टर, रेडिओ, पिनबॉल ही बाहेरून वेगळी दिसणारी यंत्रं आतून चुलत भावंडं आहेत. तारांचे जुडगे, कॉइल, रिले, ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर, साचलेलं ग्रीस, आणि शेकडो ठिकाणी सोल्डरचे चकचकीत ठिपके. म्हणून ती दुरुस्त करणाऱ्यांचे धोकेही बरेचसे सारखे आहेत. एकेक पाहू.

शिसं धुरात नाही, बोटांवर आहे

जुन्या यंत्रांतलं सोल्डर म्हणजे कथील आणि शिसं यांचं मिश्रण. नेहमीच्या प्रकारात साधारण ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असतं. युरोपने २००६ पासून नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर मर्यादा आणली, पुढे आपल्याकडेही नियम आले. पण त्याआधीचं जवळपास प्रत्येक यंत्र शिशाने जोडलेलं आहे, आणि दुरुस्तीसाठी आजही बरेच जण तीच तार वापरतात, कारण ती कमी उष्णतेत वितळते आणि जोड छान बसतो.

बहुतेकांना वाटतं, सोल्डरिंगचा पांढरा धूर म्हणजे शिशाची वाफ. तसं नाही. सोल्डरिंग आयर्नच्या टोकाचं तापमान साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअस असतं. त्या तापमानाला शिसं वितळतं, पण त्याची वाफ नगण्य असते. धूर असतो तो सोल्डरमधल्या राळेचा, त्याबद्दल पुढे सांगतो. शिसं शरीरात जातं ते हातांवाटे. तार हाताळली की बोटांवर शिशाचा अगदी बारीक, न दिसणारा थर बसतो. त्याच बोटांनी चहाचा कप, तंबाखू मळणं, विडी, भेळ. दोन्ही हात गुंतलेले असले की तारेचं टोक दातांत धरायची सवयही अनेकांना असते. मग तर ते थेट तोंडातच.

शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांत फरक नीट करता येत नाही. त्यामुळे शिसं हाडांत जाऊन बसतं आणि तिथे कित्येक वर्षं राहतं. रक्तातलं शिसं हिमोग्लोबिन तयार होण्याच्या साखळीत अडथळा आणतं, म्हणून रक्त कमी होतं. आतड्यांवर परिणाम झाला की कळा येतात आणि बद्धकोष्ठता होते. मज्जातंतूंवर झाला की मुंग्या येतात, आणि जास्त विषबाधेत मनगट उचलता येत नाही. रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडं कमजोर होतात. शिशामुळे २०२१ साली जगभरात १५ लाखांहून अधिक मृत्यू झाले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतले बहुतेक हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांमुळे.

आता समजा, पंचेचाळिशीचा एक मेकॅनिक पोटात कळा येतात म्हणून दवाखान्यात आला. सोनोग्राफी ठीक. हिमोग्लोबिन कमी, म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. बद्धकोष्ठतेला चूर्ण दिलं. रक्तदाब थोडा जास्त, तर मीठ कमी करायला सांगितलं. चारही तक्रारींवर चार वेगळे उपाय झाले. त्या चारही तक्रारींचं मूळ एक असू शकतं, ही शंका तेव्हाच येईल जेव्हा कुणी विचारेल, ‘दिवसभर हातात काय असतं?’

इथे प्रमाणाचं भानही ठेवायला हवं. महिन्यातून दोन रविवार रेडिओ उघडणाऱ्या हौशी माणसाने घाबरून जायचं कारण नाही. बॅटरीच्या प्लेटा वितळवणाऱ्या दुकानातला धोका याच्या कितीतरी पट मोठा असतो. मेकॅनिकांमध्येही पोटदुखीची नेहमीची कारणं अ‍ॅसिडिटी, जंत, खडे हीच असतात. पण रोज आठ-दहा तास, वीस-पंचवीस वर्षं सोल्डरिंग केलेल्या आणि कामाच्या टेबलावरच जेवणाऱ्या माणसाची एकदा तरी रक्तातल्या शिशाची तपासणी व्हायला हवी, एवढंच माझं म्हणणं आहे. ही साधी रक्ततपासणी आहे. छोट्या गावात होत नाही, नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, पण होते.

घरातलं लहान मूल

खरी काळजी मला वेगळ्याच माणसाची वाटते. गावातलं दुरुस्तीचं दुकान बऱ्याचदा घराच्या पुढच्या खोलीत असतं. शाळा सुटली की मुलं तिथेच खेळतात, खाली पडलेले सोल्डरचे मणी वेचतात. वडील कामाच्या कपड्यांतच मुलाला उचलून घेतात. गिळलेल्या शिशापैकी जेवढं मोठ्या माणसाच्या शरीरात शोषलं जातं, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या शरीरात शोषलं जाऊ शकतं. आणि मुलाचा मेंदू तेव्हा घडत असतो. अभ्यासात मागे पडणं, लक्ष न लागणं, चिडचिड ही लक्षणं इतकी सर्वसाधारण आहेत की त्यांचं खापर मोबाइलवर किंवा मास्तरांवर फुटतं.

लोह कमी असलेल्या मुलात शिसं जास्त शोषलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आपल्या देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. म्हणजे शिशाला आयतंच रान मिळतं. रक्तात अमुक इतकं शिसं असलं तर हरकत नाही, अशी कोणतीही सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. एक डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आढळलं तर ते कुठून येतं हे शोधून काढा आणि तो संपर्क थांबवा, असं तिची २०२१ ची मार्गदर्शक सूचना सांगते. औषधं देऊन शिसं बाहेर काढण्याची वेळ बरीच पुढची. बहुतेक मुलांसाठी पहिला उपचार म्हणजे शिशाचा रस्ता बंद करणं, आणि तो घरच्या घरी होतो.

उपाय ऐकून तुम्हाला हसू येईल इतके साधे आहेत. टेबलावर खायचं-प्यायचं नाही, तंबाखू मळायची नाही. तार तोंडात धरायची नाही. जेवणाआधी साबणाने हात चोळून धुवायचे, नुसतं पाणी लावून पुसायचे नाहीत. कामाचा शर्ट वेगळा ठेवायचा आणि वेगळा धुवायचा. फरशी झाडायची नाही, कारण झाडताना धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसायची. मुलांचा अभ्यास आणि खेळ दुसऱ्या खोलीत. जेवणात पालेभाज्या, कडधान्यं, नाचणी, दूध. आणि जुन्या पट्ट्यांवरचं सोल्डर शेगडीच्या किंवा टॉर्चच्या ज्वाळेवर धरून उतरवायचं नाही. वर ‘शिशाची वाफ नगण्य’ म्हटलं ते आयर्नच्या तापमानाबद्दल, उघड्या ज्वाळेबद्दल नाही.

मग धूर निरुपद्रवी का?

नाही. सोल्डरच्या तारेत मधोमध राळ भरलेली असते. ती जळून जो धूर होतो, तो कामामुळे होणाऱ्या दम्याचं एक ओळखलेलं कारण आहे. सुरुवातीला नुसतं नाक वाहतं, डोळे चुरचुरतात. मग संध्याकाळी आणि रात्री खोकला, छातीत शिट्टी. एकदा शरीराने या धुराशी वैर धरलं की पुढे थोडासा धूरही पुरतो. या दम्याची खूण सोपी आहे: सुट्टीच्या दिवशी किंवा गावाला गेल्यावर बरं वाटतं, कामावर परतलं की पुन्हा त्रास. असं होत असेल तर डॉक्टरला याच शब्दांत सांगा. लवकर ओळखून धुरापासून लांब झालं तर बरं होण्याची शक्यता जास्त असते, वर्षानुवर्षं ओढत नेलं तर दमा कायमचा राहू शकतो.

डोकं जोडाच्या अगदी वर नेऊन काम केलं की धूर सरळ नाकात जातो. एक छोटा पंखा असा लावा, की तो धूर तुमच्या तोंडापासून दूर, खिडकीकडे ओढेल. कापडी रुमालाने हा धूर अडत नाही.

साफ करायच्या बाटलीत काय आहे?

जुने मेकॅनिक ‘सीटीसी’ हे नाव लगेच ओळखतील. टेपचं हेड, रिलेचे पॉइंट साफ करायला ही बाटली प्रत्येक दुकानात असायची. सीटीसी म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड. ओझोनच्या थराला घातक म्हणून माँट्रियल कराराखाली भारताने २०१० च्या सुरुवातीपर्यंत असा वापर बंद करायचं ठरवलं. ओझोनचं जाऊ द्या, हे द्रव्य यकृताचं वैरी आहे. यकृत ते निकामी करायला जातं आणि त्या खटाटोपात त्याहून जहाल पदार्थ तयार करून स्वतःच्याच पेशी मारतं. नियमित दारू पिणाऱ्याच्या यकृतात हे काम करणारी यंत्रणा वाढलेली असते, त्यामुळे त्याला नुकसान अधिक. आज मळमळ आणि दोन-तीन दिवसांनी कावीळ, असा त्याचा क्रम असू शकतो. कावीळ झाली की आपल्याकडे आधी झाडपाल्याचं औषध शोधलं जातं. तसं करू नका, आणि डॉक्टरला बाटलीबद्दल जरूर सांगा. कपाटाच्या मागे असली एखादी जुनी बाटली राहिली असेल तर ती वापरू नका, गटारातही ओतू नका.

तिच्या जागी थिनर आणि पेट्रोल आलं, तेही काही साधुसंत नाहीत. बंद खोलीत थिनरने डोकं गरगरतं, पेट्रोलमध्ये बेंझिन असतं, आणि दोन्ही पेट घेतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल त्यातल्या त्यात बरं, पण तेही उघड्या खिडकीशी आणि गरम आयर्न दूर ठेवून.

प्रोजेक्टरचा उजेड

जुन्या प्रोजेक्टरमध्ये दिवा नसायचा, दोन कार्बनच्या कांड्या असायच्या. त्यांच्या टोकांमध्ये विजेची ठिणगी सतत पेटती ठेवून उजेड मिळवला जाई. हा उजेड वेल्डिंगच्या जातीचा. त्यात अतिनील किरण असतात. दार उघडं ठेवून कांड्या जुळवताना काळी काच नसेल तर डोळ्यांच्या बुब्बुळाचा वरचा थर भाजतो. गंमत म्हणजे तेव्हा काहीच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुतेकदा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. वेल्डिंग करणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत आहे. डोळे चोळू नका. दूध, मध, गुलाबपाणी, बटाट्याचा कीस काहीही डोळ्यांत घालू नका. डोळा बधिर करणारे थेंब दुकानातून आणून पुन्हापुन्हा टाकू नका, त्याने जखम भरायची थांबते. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आराम पडतो.

नंतरच्या प्रोजेक्टरमध्ये झेनॉनचे दिवे आले. त्यांच्यात वायू दाबाने भरलेला असतो, दिवा थंड असतानाही. हातातून निसटला तर काचा गोळीसारख्या उडतात. चेहऱ्यावर पूर्ण ढाल आणि हातात जाड मोजे असल्याशिवाय त्याला हात लावू नये.

प्लग काढला म्हणजे वीज गेली असं नाही

व्हॉल्व्हच्या रेडिओत आणि अ‍ॅम्प्लिफायरमध्ये अडीचशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाबाची वीज कंडेन्सरमध्ये साठलेली असते. प्लग काढल्यावरही ती काही काळ तिथेच राहते. काही जुन्या रेडिओंची धातूची चौकट थेट घरातल्या विजेला जोडलेली असते. पिनबॉलच्या कॉइलना कमी दाबाची वीज पुरते, पण ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे पूर्ण दाबाची वीज असतेच.

मेकॅनिक मंडळी सिरीज बल्ब लावून यंत्र तपासतात. शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि यंत्र जळत नाही. पण १०० वॅटच्या बल्बमधून जाणारी वीजसुद्धा माणसाचं हृदय थांबवायला पुरेशी असते. यंत्र वाचवणारी ही युक्ती माणसाला वाचवत नाही. ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी बसवून घ्या. तोही जमिनीकडे जाणारी वीज ओळखतो, कंडेन्सरमध्ये साठलेली नाही. त्यामुळे योग्य रेझिस्टरने कंडेन्सर रिकामा करणं, मीटरने खात्री करणं आणि चालू यंत्रात हात घालायची वेळ आलीच तर दुसरा हात खिशात ठेवणं, या जुन्या उस्तादांच्या सवयींना पर्याय नाही. एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून जाणारी वीज वाटेत छाती ओलांडते, म्हणून हा नियम.

कुणाला शॉक लागला तर आधी मेन स्विच बंद करा, त्याला हात लावू नका. तो प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर १०८ ला फोन लावा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण ५ सेंटिमीटर खोल दाबत राहा. पाणी पाजणं, कांदा हुंगवणं यात वेळ घालवू नका. शुद्धीवर असला तरी छातीत दुखत असेल, चक्कर आली असेल किंवा भाजलं असेल तर ईसीजी काढायलाच हवा. विजेने भाजल्याची जखम बाहेरून वाटाण्याएवढी आणि आत स्नायूंपर्यंत गेलेली असू शकते. अशा वेळी लघवी गडद चहासारखी झाली तर मूत्रपिंडं धोक्यात आहेत असं समजून तडक मोठ्या रुग्णालयात जावं.

हौशी आणि व्यावसायिक

इथे मला एक गोष्ट खुपते. पिनबॉल यंत्र हौसेने दुरुस्त करणारा माणूस धूर ओढून घेणारं उपकरण, चष्मा, मोजे यांवर खर्च करू शकतो. त्याला माहिती वाचायला वेळ असतो, आणि त्रास झालाच तर छंद सोडता येतो. जो पोटासाठी हेच काम रोज करतो, त्याच्याकडे यातलं काही नसतं. एका जोडाचे पन्नास रुपये मिळवणारा माणूस पंख्याची दिशा बदलण्याचा विचार करत नाही, आणि त्याने तो करावा असं त्याला कुणी सांगितलेलंही नसतं.

कायद्यात शिशाची विषबाधा नवी नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात नोंदवायलाच हव्यात अशा व्यवसायजन्य आजारांची जी यादी होती, तिच्यात पहिलंच नाव तिचं होतं. पण त्या कायद्यात मुळात कारखाना म्हणजे वीज वापरत असेल तर किमान दहा कामगार, असा अर्थ होता. एक मालक आणि एक पोऱ्या असलेलं दुकान त्यात येत नव्हतं. आजार तोच, शिसं तेच. तो कारखान्यात झाला तर त्याची नोंद करायची, पेठेतल्या दुकानात झाला तर ती माणसाची प्रकृती!

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्यासाठी पोर्टलही सुरू केलं. चांगली गोष्ट आहे. वस्तू फेकण्यापेक्षा दुरुस्त करावी, हे आपल्या आज्या-पणज्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पण या चर्चेत हक्क आहे तो ग्राहकाचा. सुटा भाग मिळाला पाहिजे, माहितीपुस्तिका मिळाली पाहिजे. दुरुस्ती करणाऱ्याच्या फुप्फुसांचं आणि त्याच्या घरातल्या मुलाच्या रक्ताचं काय, हा प्रश्न त्यात कुठे दिसत नाही. दुरुस्ती वाढावी असं वाटत असेल तर हा प्रश्नही वाढणार आहे.

‘आमच्या उस्तादांनी चाळीस वर्षं हेच केलं, त्यांना काही झालं नाही,’ असं नेहमी ऐकायला मिळतं. खरं असेलही. पण ज्यांना दमा झाला ते धंदा सोडून गेले आणि उस्ताद झालेच नाहीत. ज्यांचा रक्तदाब वाढला त्यांचा संबंध शिशाशी जोडून पाहिला नाही. टिकून राहिलेल्यांकडेच पाहिलं तर कुठलाही धंदा निरोगी दिसतो.

दुसऱ्या टोकाला काही जण विचारतात, मग वडिलांना निवृत्तीनंतर रेडिओ उघडू द्यायचा की नाही? जरूर द्या. यंत्र दुरुस्त केल्याने स्मृतिभ्रंश टळतो असा दावा मी करणार नाही, तसा पुरावा नाही. पण लॅन्सेट आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचे जे टाळता येण्याजोगे धोके मांडले, त्यांत एकटेपणा आहे आणि कमी ऐकू येण्याकडे दुर्लक्ष करणंही आहे. जुना रेडिओ घेऊन चार माणसं दारात येतात, बोलतात, बसतात. ऐकू कमी येत असेल तर आवाज जुळवताना तेही उघड होतं. हे फायदे छोटे नाहीत. फक्त टेबल स्वयंपाकघरातलं नको आणि नातवंडं मांडीवर नकोत.

काय व्हायला हवं

डॉक्टर मित्रांनी ‘इतर’ लिहिणं थांबवावं आणि तीन प्रश्न विचारावेत: दिवसभर हातात काय असतं, धूर किंवा वास कशाचा येतो, आणि सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का? याला एक मिनिट लागतं. मेकॅनिक मंडळींनी ‘दुकान आहे’ एवढंच सांगू नये, काय वितळवता आणि कशाने साफ करता तेही सांगावं.

आयटीआयमध्ये सोल्डरिंग शिकवताना पहिल्याच दिवशी हात कधी आणि कसे धुवायचे हेही शिकवावं, आणि परीक्षेत त्याला गुण असावेत. यात्रेत, बाजारात, जिथे मेकॅनिक, वेल्डर, बॅटरीवाले एकत्र सापडतात, तिथे रक्तदाब-साखर तपासणीची शिबिरं आपण घेतोच. त्यात फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायचं साधं यंत्र आणि निवडक लोकांसाठी रक्तातल्या शिशाचा नमुना एवढी भर घालणं अवघड नाही. जवळच लोण्याला वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या परिसरातल्या दुरुस्तीच्या दुकानांची आणि तिथल्या मुलांची पाहणी हा पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी चांगला प्रबंध होईल.

आणि यातलं काहीही होईपर्यंत दुकानात एक साबण, एक ओलं फडकं, खिडकीच्या दिशेने फिरवलेला पंखा आणि कामाचा वेगळा शर्ट एवढं तर आजच होऊ शकतं. घरात सहा वर्षांखालचं मूल असेल, दुकान घरातच असेल आणि मूल फिकट दिसत असेल, तर लोहाचं औषध लिहून घेताना डॉक्टरांना शिशाच्या तपासणीबद्दलही विचारा.